युट्टेच्या नावावरचे केक

क्रेस्टेन तोफ्तला ओळखत नाही असा माणूस उत्तरेकडच्या थंड समुद्राकाठी, हान्स्टहोल्मच्या बंदरात सापडलाच, तर तो त्याच सकाळी बोटीतून उतरलेला असणार. माशांच्या कारखान्याची मशीनरूम इतकी वर्षं त्याच्याकडे होती की नवी मुलं तिला 'क्रेस्टेनचं घर' म्हणत. निळा डगला, लाकडी तळव्याचे बूट, कानावर ढकललेली लोकरी टोपी आणि अंगाला अमोनियाचा पुसटसा वास, असा हा माणूस दिवसातून दोनदा सगळ्या कारखान्यात फेरी मारायचा. रिकाम्या खोलीतला दिवा बंद कर, गळणारा नळ आवळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शीतगृहाची दारं बघ.

दारांवर त्याचा भारी जीव. तिथलं वारं पश्चिमेकडून समुद्र अंगावर घेऊन येतं. दार उघडं राहिलं की दमट हवा आत शिरते, थंड नळ्यांवर तिचा बर्फ धरतो, आणि मग ती थंडी पुन्हा तयार करायला यंत्रं राबतात. यात खोटं काही नव्हतं. पण क्रेस्टेन हे असं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण दार नाही, त्याची तिजोरी उघडी टाकली.

त्या कारखान्यात, आणि खरं तर त्या देशात कुठेही, मूर्खपणा केला की केक आणावा लागतो. किल्ल्या गोदीत पाडल्या, केक. गाडी ब्रेक न लावता उभी केली आणि ती कुंपणाला जाऊन टेकली, केक. कोणी ओरडत नाही, कोणी नोंद करत नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत केक येतो, सगळे खातात, थट्टा होते आणि चूक पोटात जाते. या केकांचा पंच म्हणून क्रेस्टेनला कोणी नेमलं नव्हतं. तो आपणच झाला होता. दारांचा नियमही त्याचाच: खोक्यांचं पॅलेट आत गेल्यावर दार उघडं दिसलं की गाडी चालवणाऱ्याचा केक.

फोर्कलिफ्ट चालवायची युट्टे. क्रेस्टेनच्याच वयाची, शाळेत त्याच्या पुढच्या बाकावर बसलेली, रुंद खांद्यांची आणि मोठ्या आवाजाची बाई. शुक्रवारी सकाळी सगळे मिळून ताजे पाव खायला बसत तेव्हा तिची खुर्ची क्रेस्टेनच्या शेजारी, हे ठरलेलं. पॅलेटवर पॅलेट रचताना ती मागे वळूनही बघायची नाही, पण कधी एक खोकं हललं नाही. तिचा तपकिरी साखरेचा केक इतका चांगला व्हायचा की लोक मुद्दाम तिच्या चुका शोधत. एकदा तिची गाडी दारातच बंद पडली, तोही केक धरला. एकदा हँडबॉलच्या सामन्यावर ती पैज हरली, तेव्हा तीच म्हणाली, "दारांच्या खात्यात मांडा." लेक परीक्षा पास झाली तेव्हाही केक आणून तिने क्रेस्टेनच्या पुढ्यात ठेवला. "हा पण दारासाठीच धर बाबा. नाहीतर तुला घशाखाली उतरायचा नाही."

क्रेस्टेन हसला होता, आणि दोन तुकडे खाल्ले होते.

मग विजेचे भाव चढले. सगळ्या किनाऱ्यावर तीच रड होती. कारखान्याचा व्यवस्थापक प्रेबेन चांगला माणूस, पण वरून विचारणा झाली की त्याच्या मानेवर लाल चट्टे उठत. हिवाळ्याच्या तोंडाशी त्याने क्रेस्टेनला बोलावलं, कॉफी ओतली आणि म्हणाला की कारखान्याची निम्म्याहून जास्त वीज गारव्यावर जाते, तेव्हा आता तुझ्या यंत्रांकडेच बघावं लागेल.

'तुझ्या यंत्रांकडे' हे शब्द क्रेस्टेनला झोंबले. यंत्रांना काय झालंय, तो म्हणाला, तेल वेळेवर, पट्टे वेळेवर, एक थेंब गळत नाही. लोकच दारं उघडी टाकतात.

"कोण टाकतं?" प्रेबेनने विचारलं.

सगळेच, असं क्रेस्टेन म्हणाला. आणि तिथेच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

"सगळे म्हणजे कोणीच नाही. अरे, मी कोणाला घरी पाठवणार नाहीये. जागा बदलू, वरच्यांना दाखवायला काहीतरी हवं. तुमचे ते केक असतात ना? सगळ्यात जास्त कोणी आणले?"

गाडी बंद पडली होती ते क्रेस्टेनला आठवलं. पैज आठवली, लेकीची परीक्षा आठवली. पण प्रेबेनची नजर यंत्रांवरून हटली होती आणि ती तशीच हटलेली राहावी असं त्याला वाटत होतं.

"केक ना? युट्टेने," तो म्हणाला.

हे खोटं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला एवढंच सांगत राहिला.

पुढच्याच सोमवारी युट्टे मासे कापायच्या पट्ट्यावर गेली आणि फोर्कलिफ्टवर दुसरा चालक आला. पगार तोच होता, पण पट्ट्यावर दिवसभर उभं राहायचं, ओल्या फरशीवर, बर्फाच्या पाण्यातून येणारे कॉड मासे हातात घेत. तरुण पोरींनाही ते काम जड जातं. युट्टेने एप्रन बांधला आणि सुरी उचलली. केक मोजून माणसं हलवतात हे मात्र तिला कळलं होतं, आणि मोजणारा प्रेबेनच असणार हे तिने गृहीत धरलं. शुक्रवारच्या पावाला ती क्रेस्टेनशेजारी बसून म्हणाली, "बघ, आता एवढा बिनडोक साहेब नशिबी आल्यावर काय करायचं?" क्रेस्टेनने पावाला लोणी लावलं. एकदा लावून झालं होतं तरी पुन्हा लावलं.

नाताळ गेला. युट्टेच्या उजव्या मनगटाला आधाराचा पट्टा आला. बरणीचं झाकण उघडायला ती शेजारच्याला देऊ लागली, आधी थट्टा करत आणि मग काही न बोलता. दारं आता चोख बंद असत, नवा चालक भेदरून गाडीवरून उतरून बघायचा. पण वीज काही कमी होईना. तेव्हा प्रेबेनने गारव्याची यंत्रं तपासणाऱ्या कंपनीकडून एक इंजिनियर मागवली.

तिचं नाव सिग्ने. पंचविशीची, पिवळ्या रेनकोटात, हातात स्वतःच्या कॉफीचा थर्मास. क्रेस्टेन तिच्या वाटेत उभा राहायला तयार होऊन बसला होता. पण तिने आल्या आल्या नळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, एवढी जुनी यंत्रं इतकी स्वच्छ ठेवलेली मी पाहिली नाहीत. माणूस जरा सैल झाला. त्याने तिला सगळं हिंडून दाखवलं. शेवटी ती एका मोठ्या गोल गेजसमोर थांबली.

"हा काटा बारावर का आहे?"

"तो बारावरच असतो," क्रेस्टेन म्हणाला.

"हो, पण का?"

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. शीतगृहातली उष्णता अमोनिया पोटात घेतो आणि त्याची वाफ होते. ती वाफ कॉम्प्रेसर दाबतो आणि छतावरच्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथे ती आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन टाकते, पुन्हा द्रव होते आणि खाली येते. बाहेर ऊन तापलेलं असेल तर वाफ खूप दाबावी लागते, तेव्हाच ती द्रव होते. पण बाहेर गारठा असेल तर थोडक्या दाबात काम भागतं. तो काटा म्हणजे हा दाब. उन्हाळ्यात तो बारावर असणं ठीक. पण बाहेर डबकी गोठलेली असताना बारावर म्हणजे वारा पाठीशी असताना ब्रेक आवळून सायकल हाणण्यासारखं.

क्रेस्टेनने तिला वाग्नची हकीकत सांगितली. वाग्न म्हणजे त्याला शिकवणारा जुना यंत्रचालक. क्रेस्टेन नवखा असताना एका कडाक्याच्या थंडीत दाब खाली आला. दाब कमी म्हणून द्रव टोकाच्या खोलीपर्यंत पोचेना, नळ्यांवरचा बर्फ वितळवायला सोडतात त्या गरम वायूतही जोर राहिला नाही, आणि खोलीभर मासे मऊ पडले. वाग्नने त्याला या गेजसमोर उभं करून सांगितलं, काटा बाराच्या खाली जाऊ द्यायचा नाही. वाग्न गेला, त्याच्या शवपेटीला क्रेस्टेनने खांदा दिला, पण काटा बाराखाली गेला नाही.

सिग्नेने मन लावून ऐकलं. मग विचारलं, आता टोकाच्या खोलीला द्रव पंपाने जातो ना?

हो, क्रेस्टेन म्हणाला, पंप मीच बसवलेत.

"आणि गरम वायूचे व्हॉल्व्ह? ते पण मोठे दिसतात."

तेही त्यानेच बदलले होते, पंप बसवले त्याच उन्हाळ्यात. हे सांगता सांगताच त्याच्या ध्यानात आलं. ज्या कारणासाठी काटा बारावर ठेवायचा, ते कारण त्याने स्वतःच्या हातांनी, पान्यांनी आणि घामाने दूर केलं होतं, आणि नंतर एकदाही मान वर करून गेजकडे त्या नजरेने पाहिलं नव्हतं.

"आपण हळूहळू उतरवून बघू. तुला वाटलं की सांग, तिथे थांबू," सिग्ने म्हणाली.

दिवसभर ते काटा थोडा थोडा खाली आणत राहिले. दर वेळी क्रेस्टेन टोकाच्या खोलीत जाऊन नळ्या बघून यायचा, आणि दर वेळी तिथे सगळं ठीक असायचं. आपण काहीतरी बिघडण्याची वाट बघतोय, हे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीत लक्षात आलं. दुपार कलली तेव्हा काटा आठच्या जवळ होता. तेवढ्यात मशीनरूममध्ये काहीतरी बदललं. क्रेस्टेनला वाटलं आपल्याला कमी ऐकू येतंय. मग कळलं, तीनपैकी एक कॉम्प्रेसर आपणहून बंद झाला होता. काम उरलं नव्हतं म्हणून. तीन यंत्रांचा आवाज त्याने सगळे हिवाळे ऐकला होता. पाऊस ऐकतात तसा, कोणी पाडतंय असं मनात न आणता.

सिग्नेचा चेहरा खुलला होता. वर्षभरात केवढी वीज वाचेल याचा तिने तोंडी अंदाज सांगितला, आणि तो सगळ्या दारांतून मिळून जाऊ शकेल त्याच्या कितीतरी पट होता. क्रेस्टेनने सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि दारांमुळे किती जात असेल?

"तुमची दारं? अरे, ती चांगलीच आहेत. कोणी बेफिकीर असतं तर नळ्यांवर बर्फाचे थर दिसले असते." मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती हलकेच म्हणाली, "असं बऱ्याच ठिकाणी असतं. मी फक्त 'दाबाची नवी मांडणी' एवढंच लिहीन."

तिने दयेने म्हटलं होतं. त्या दयेने क्रेस्टेनचे कान तापले.

शुक्रवारी पावाच्या टेबलावर छोटा झेंडा उभा होता, तिकडे वाढदिवसाला ठेवतात तसा. प्रेबेनने कप वाजवला आणि सांगितलं की क्रेस्टेनने आणि त्या हुशार मुलीने मिळून विजेचा प्रश्न सोडवला, आणि असा माणूस मशीनरूममध्ये आहे हे आपलं भाग्य. टाळ्या झाल्या. शेजारी युट्टे डाव्या हाताने टेबल थोपटत होती, कारण उजवा तिला आपटता येत नव्हता.

क्रेस्टेनला बसवेना. तो उठला आणि म्हणाला की सोडवला वगैरे काही नाही, घोळ माझाच होता. काटा मीच चढा ठेवला, इतके हिवाळे. दारांचा दोष नव्हता.

मग पट्ट्यावरचा एक जण ओरडला, "म्हणजे केक," आणि सगळी खोली हसली. एक केक कसला, म्हणे, हिवाळ्यागणिक एक घ्या, याच्या बायकोला रजा काढावी लागेल. कोणी त्याच्या पाठीत थाप मारली. युट्टे सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होती. "ये रे, पंचाची विकेट पडली," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या कपात कॉफी ओतली, डाव्या हाताने, थोडी बशीत सांडत.

घरी जाताना क्रेस्टेनला वाटलं होतं हलकं वाटेल. वाटलं नाही. जे सांगायला सोपं होतं ते त्याने सांगितलं होतं. यंत्राची चूक लोक हसून खाऊन टाकतात. प्रेबेनच्या खोलीत तोंडातून निघालेलं ते एक नाव मात्र तसंच आत राहिलं होतं.

सोमवारी तो प्रेबेनकडे गेला. युट्टेला गाडीवर परत घे, म्हणाला, दारांमुळे काहीच होत नव्हतं हे आता सगळ्यांनी ऐकलंय. प्रेबेनने कुरकुर केली, नव्या चालकाचं काय करू वगैरे, पण मनातून त्यालाही बोचत असावं. महिना संपला की बदलतो, म्हणाला.

क्रेस्टेन जागचा हलला नाही. "आणि तिला सांगायला हवं, नाव मी दिलं होतं ते."

"कशाला?" प्रेबेनने दार लोटून घेतलं. "ती मला शिव्या घालते, घालू दे. साहेबाला शिव्या घालतातच. ती गाडीवर आली म्हणजे झालं ना? उगाच तुम्ही दोघं म्हातारपणी तोंड फिरवून बसाल. सोड."

यातला प्रत्येक शब्द क्रेस्टेनला पटला. इतका चटकन पटला की आपलीच किळस आली. तरी त्याने सोडलं. दोन दिवस तो मशीनरूममध्येच डबा खात राहिला.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत युट्टे तिथे आली. रबरी एप्रन तसाच, केसांवर जाळी, हात पाण्याने लाल आणि फुगलेले. इतक्या वर्षांत ती मशीनरूममध्ये क्वचितच आली होती. गोंगाटात बोलता येत नाही म्हणायची. आता दोनच कॉम्प्रेसर चालू होते, बोलता येत होतं.

"प्रेबेन म्हणाला, पहिल्या तारखेपासून गाडी," ती म्हणाली. "आणि म्हणाला, तू भांडलास माझ्यासाठी."

क्रेस्टेनने चिंधी उचलली आणि हात पुसायला लागला. हात कोरडेच होते.

"मला ते असलं बोलता येत नाही, तुला माहितीये. पण घरी नवऱ्याला म्हटलं, सगळ्या कारखान्यात एकच जण उठला. शाळेत तू माझ्या पाठीत पेन्सिल टोचायचास, ते सगळं माफ." ती हसली आणि तिने हात पुढे केला. डावा.

हा हात हातात घ्यायचा आणि 'अगं, त्यात काय' म्हणायचं, एवढंच करायचं होतं. मग आयुष्यभर शुक्रवारी तिच्या शेजारी बसायचं. क्रेस्टेन त्या हाताकडे बघत राहिला. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या, आणि एका बोटातली अंगठी काढून तिने साखळीत घालून गळ्यात अडकवलेली दिसत होती. सुजेमुळे.

"युट्टे, प्रेबेनने केक मोजले नव्हते," तो म्हणाला. "त्याने मला विचारलं. मी तुझं नाव सांगितलं."

तिचा हात तसाच राहिला.

"त्याला वाटत होतं यंत्रांत काहीतरी आहे. मला ते नको होतं. म्हणून सांगितलं. पैजेचा केक, तुझ्या लेकीचा केक, मला सगळं आठवत होतं सांगताना."

"आठवत होतं?"

"हो."

तिने हात मागे घेतला आणि एप्रनला पुसला, जणू तो आत्ताच ओला झाला होता. तिचा आवाज आला तेव्हा तो मोठा नव्हता, आणि युट्टेचा इतका लहान आवाज क्रेस्टेनने कधी ऐकला नव्हता.

"नाताळाच्या आधीपासून रोज सकाळी मी प्रेबेनला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तुझ्या शेजारी बसून दिल्या, मोठ्याने सुद्धा. आणि तू पाव खात होतास."

खरंच होतं ते.

"मग आता का सांगतोयस? मी गाडीवर जातेच आहे. मला कळलंही नसतं."

"तू आभार मानायला आलीस," तो म्हणाला.

"म्हणजे मी आले नसते तर सांगितलं नसतंस."

'सांगितलं असतं' हे शब्द जिभेवर होते, आणि खोटे ठरवायला कोणी साक्षीदारही नव्हता.

"बहुतेक नसतं," तो म्हणाला.

युट्टेने मान हलवली. राग आला होता की नाही, त्याला कळेना. राग तरी परवडला असता. "बरं. निदान हे तरी खरं बोललास," ती म्हणाली. "माझ्याकडून काय हवंय तुला आता? माफी?"

"काही नको."

"नाहीतरी नाहीये. आज तरी नाहीये."

वर पट्टा सुरू व्हायची घंटा वाजली. तिने केसांवरची जाळी सारखी केली, मनगटाचा पट्टा दातांनी ओढून घट्ट केला. क्रेस्टेन मदतीला अर्धं पाऊल पुढे आला आणि थांबला. दाराशी जाऊन ती वळली.

"बाकीच्यांना तू सांगणार, का मी?"

"मी सांगतो."

"शुक्रवारी नको. तिथे सगळे हसतात," युट्टे म्हणाली. "आत्ता चल. सगळे पट्ट्यावर आहेत, आणि कोणाच्या तोंडात काही नाहीये."

क्रेस्टेनने टोपी काढून खिशात कोंबली आणि तिच्या मागून जिना चढू लागला.